सात विभक्त्यांकडून इंग्रजीकडे : प्रस्तावना

चेक शाळेत विभक्ती नावाने विचारत नाहीत, क्रमांकाने विचारतात. पहिली, दुसरी, तिसरी, अशी सातवीपर्यंत. प्रत्येक क्रमांकाला एक प्रश्न बांधलेला असतो: पहिलीला 'कोण, काय', तिसरीला 'कोणाला, कशाला', सातवीला 'कोणासह, कशाने'. मूल तो प्रश्न मनात म्हणते, नामाचे रूप त्यात बसवून पाहते आणि क्रमांक सांगते. प्रथमा, द्वितीया, तृतीया म्हणत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. क्रम मात्र वेगळा आहे. त्यांची दुसरी म्हणजे आपली षष्ठी, तिसरी म्हणजे चतुर्थी, चौथी म्हणजे द्वितीया, पाचवी म्हणजे संबोधन, सहावी म्हणजे सप्तमी आणि सातवी म्हणजे तृतीया. आपली पंचमी त्यांच्याकडे स्वतंत्र नाही. तिचे काम शब्दाआधी एक अव्यय घेऊन दुसरी विभक्तीच करते.

हे मूल इंग्रजीच्या तासाला बसते तेव्हा त्याच्याजवळ व्याकरणाची बरीच शिदोरी असते. नामाची तीन लिंगे, पुल्लिंगातही सजीव आणि निर्जीव असा भेद, क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या, हे सगळे त्याच्या बोलण्यात मुरलेले असते, आणि शाळेने त्यातल्या बहुतेकांना नावेही दिलेली असतात. समोरच्या भाषेत मात्र नामाला लिंग नाही, विभक्ती जवळजवळ नाही, आणि नामाआधी येणारे आर्टिकल तर चेकमध्ये मुळातच नाही.

या पुस्तकाचा विषय ही गाठभेट आहे. चेक भाषकाला इंग्रजी शिकताना दोन लहान शब्दगट अगदी सुरुवातीला लागतात. पहिला भाषांच्या नावांचा: स्वतःची भाषा, शेजाऱ्यांच्या भाषा, शिकायची भाषा. दुसरा व्याकरणाच्या मूलभूत संज्ञांचा: नाम, क्रियापद, काळ, वाक्य, कर्ता, कर्म. दोन्ही गट मिळून शब्द फार नाहीत. नेटाने बसले तर थोड्या आठवड्यांत पाठ होतील. तरी त्यांच्यावर सबंध पुस्तक का लिहायचे? संज्ञा पाठ झाली म्हणून तिची हद्द कळली असे होत नाही, म्हणून. विद्यार्थी इंग्रजी संज्ञेला आपल्या भाषेतली संज्ञा चिकटवतो, तिच्याबरोबर आपल्या भाषेची हद्दही इंग्रजीवर आखतो, आणि पुढे वर्षानुवर्षे न सुटणाऱ्या चुका तिथे रुजतात. या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. संज्ञा शिकवाव्यात, लवकर शिकवाव्यात, मातृभाषेतल्या संज्ञेशेजारी ठेवून शिकवाव्यात, आणि दोघींच्या हद्दी कुठे जुळत नाहीत ते त्याच दिवशी दाखवावे.

भाषांच्या नावांपासून सुरुवात करू, कारण हा भाग वरवर सर्वांत सोपा दिसतो. चेकमध्ये भाषेचे नाव घडवण्याचा एक रुळलेला साचा आहे. ठरावीक प्रत्यय लागतो आणि स्त्रीलिंगी नाम तयार होते: चेश्तिना म्हणजे चेक, आंग्लिच्तिना म्हणजे इंग्रजी, न्येमचिना म्हणजे जर्मन, आणि आपली मराठी म्हणजे मराठश्तिना. संस्कृत, लॅटिन अशी थोडी नावे या साच्याबाहेर राहतात. मराठीतही बहुतेक ठिकाणी शेवटच्या 'ई'वर काम भागते: गुजराती, इंग्रजी, जपानी. इंग्रजीत असा एकच साचा नाही. इंग्लिश, पोलिश, डॅनिश, टर्किश हा एक गट. चायनीज, जॅपनीज, पोर्तुगीज हा दुसरा. रशियन, हंगेरियन, इटालियन हा तिसरा. आणि फ्रेंच, डच, ग्रीक, चेक यांचा कशाशीच मेळ नाही. ही यादी पाठच करावी लागते.

खरी अडचण यादीच्या पुढे सुरू होते. चेकमध्ये देश, माणूस, विशेषण, क्रियाविशेषण आणि भाषा यांची रूपे वेगवेगळी आहेत. आंग्लिये हा देश, आंग्लिचान हा माणूस, आंग्लित्स्की हे विशेषण, आंग्लित्स्कि हे क्रियाविशेषण, आंग्लिच्तिना ही भाषा. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यात फरक आहे तो शेवटच्या स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि देवनागरीत तो नेमका लिहिता येतो. 'तो इंग्रजी बोलतो' म्हणताना चेक माणूस क्रियाविशेषण वापरतो. 'इंग्रजी अवघड आहे' म्हणताना भाषेचे नाम वापरतो. इंग्रजीत यातली तीन-चार कामे 'इंग्लिश' हा एकच शब्द करतो आणि फरक आजूबाजूच्या शब्दांवर सोपवतो. नुसते 'इंग्लिश' म्हणजे भाषा. त्याआधी 'द' लावला तर ते लोक. 'द'नंतर 'इंग्लिश लँग्वेज' म्हटले तर पुन्हा भाषा. ज्याच्या भाषेत आर्टिकलच नाही त्याने हे कानाने कसे ओळखावे? त्यात 'अ चेक' म्हणजे एक चेक माणूस हे चालते, पण त्याच धर्तीवर इंग्रज माणसाला 'अ‍ॅन इंग्लिश' म्हणता येत नाही. ही विसंगती विद्यार्थ्याला कोणी सांगितली नाही तर तो नियम लावतो आणि चुकतो. त्याचा नियम तर्काला धरूनच असतो.

लिखाणातली एक अडचण आपल्यालाही लागू आहे. चेकमध्ये देशाचे आणि माणसाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, भाषेचे नाव आणि विशेषण लहान अक्षराने. इंग्रजीत ही सगळीच मोठ्या अक्षराने लिहितात. चेक विद्यार्थी मोठे अक्षर विसरतो कारण त्याच्या भाषेत तिथे लहान असते. मराठी विद्यार्थी विसरतो कारण आपल्या लिपीत हा भेदच नाही. चूक एक, कारणे दोन, म्हणून उपायही दोन लागतात. चेक विद्यार्थ्याला आधीची सवय मोडायला शिकवावी लागते, आपल्याला नवी सवय लावावी लागते.

शेजारच्या भाषांची नावे हा आणखी एक नाजूक भाग. स्लोव्हाक आणि स्लोव्हेन या दोन भिन्न भाषांची चेकमधली नावे एका-दोन अक्षरांच्या फरकाने वेगळी होतात, आणि स्लोव्हाक लोक आपल्या भाषेला जे नाव देतात ते परक्या कानाला स्लोव्हेनसारखेच ऐकू येते. जर्मन लोक आपल्या भाषेला 'डॉइच' म्हणतात हे जर्मनीच्या शेजारी राहणाऱ्या चेक मुलाला लहानपणापासून ठाऊक असते; इंग्रजीतले 'डच' ऐकले की त्याच्या मनात जर्मन येते, आणि अर्थ असतो नेदरलँड्सची भाषा. खुद्द चेक भाषेलाही इंग्रजीत फार काळ 'बोहेमियन' म्हणत. एकोणिसाव्या शतकात चेक शेतकरी आणि कारागीर मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनमधल्या रेसीनचे पत्रकार कारेल योनाश यांनी शब्दकोश केले, तेही 'बोहेमियन' याच नावाने. देशाचे 'चेकिया' हे एकशब्दी इंग्रजी नाव संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरी आले ते थेट 2016 मध्ये.

आता व्याकरणाच्या संज्ञांकडे वळू. चेक संज्ञांचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय आजच्या विद्यार्थ्याची स्थिती कळत नाही, आणि तो इतिहास मोठा मानी आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात चेक उच्चारांसाठी रोमन अक्षरांवर खुणा द्याव्यात अशी सूचना आहे. हा ग्रंथ धर्मसुधारक यान हुस यांचा मानला जातो. त्या खुणांचे आजचे रूप म्हणजे हाचेक, चारका आणि क्रोउझेक: आकडी, रेघ आणि कडे. काना, मात्रा, वेलांटी, उकार ही नावे आपल्या मुलांना जशी अक्षरांबरोबरच येतात, तशी ही चेक मुलांना येतात. चेक भाषेचे पहिले छापील व्याकरण 1533 चे. यान ब्लाहोस्लाव यांनी 1571 मध्ये आपले व्याकरण पूर्ण केले, पण ते छापून आले 1857 मध्ये. व्हात्स्लाव यान रोसा यांनी 1672 च्या व्याकरणात लॅटिन संज्ञांना चेक प्रतिशब्द घडवले. पुढे व्हिएन्नाच्या दरबारात चेक शिकवणारे यान व्हात्स्लाव पोल यांनी नवे शब्द इतके पाडले, की योझेफ दोब्रोव्स्की यांनी त्यांच्यावर कडक टीका केली.

दोब्रोव्स्की हे आधुनिक चेक व्याकरणाचे शिल्पकार, आणि त्यांचे 1809 चे मोठे व्याकरण जर्मन भाषेत आहे. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. शिकलेल्या चेक माणसाची ज्ञानभाषा तेव्हा जर्मन होती. स्वतःच्या भाषेचे शास्त्र तो परक्या भाषेत मांडत होता. पुढच्याच पिढीत योझेफ युंगमान यांनी मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' चेकमध्ये आणले (1811) आणि 1834 ते 1839 या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन शब्दकोश पुरा केला. चेक शास्त्रपरिभाषेचा पाया या पिढीने घातला. आपल्याकडची सालवारी शेजारी ठेवून पाहावी: विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 चे आणि इंग्रजीत, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 1836 चे आणि मराठीत. एकेका मोठ्या सत्तेच्या छायेतल्या दोन भाषा एकाच वेळी स्वतःच्या व्याकरणासाठी शब्द जमवत होत्या. आपल्याजवळ संस्कृतचा तयार साठा होता. चेक पंडितांना लॅटिन संज्ञा फोडून आपल्या धातूंतून पुन्हा घडवाव्या लागल्या.

त्या खटपटीचे फळ आजचा चेक विद्यार्थी खातो आहे. त्याच्या शालेय संज्ञा त्याला आरपार कळतात. सर्वनामाचा चेक शब्द 'नामाच्या बदली' असा अर्थ सांगतो, केवलप्रयोगी अव्ययाचा 'भावनेचा शब्द' असा. मात्र विद्यापीठात आणि परदेशी भाषांच्या पुस्तकांत लॅटिन संज्ञांचा दुसरा थर टिकून आहे, आणि सुशिक्षित चेक माणसाला दोन्ही थर येतात. इंग्रजीकडे जाताना तो साहजिकच लॅटिन थराचा आधार घेतो. 'अ‍ॅडजेक्टिव्ह', 'इन्फिनिटिव्ह' इथे तो आधार टिकतो. पण चेकमधले 'सुब्स्तांतिवुम' म्हणजे इंग्रजीतले रोजचे 'नाउन', आणि चेकमधले 'इंतरपुंक्त्से' म्हणजे इंग्रजीतले 'पंक्चुएशन'. ओळखीचा चेहरा पाहून हाक मारावी आणि माणूस दुसराच निघावा, असे वारंवार होते.

इंग्रजीची स्वतःची कहाणी उलट आहे. अ‍ॅल्फ्रिक या मठवासी पंडिताने सन 1000 च्या सुमारास लॅटिनचे व्याकरण जुन्या इंग्रजीत लिहिले आणि संज्ञांना देशी शब्द देऊन पाहिले. ती वाट पुढे बुजली. विल्यम बुलोकर यांच्या 1586 च्या पहिल्या इंग्रजी व्याकरणापासून रॉबर्ट लाउथ (1762) आणि लिंडली मरी (1795) यांच्यापर्यंत सगळ्यांनी ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आलेली चौकटच वापरली. परिणामी 'प्रोनाउन' किंवा 'प्रेपझिशन' हे शब्द इंग्रज मुलालाही आतून उमगत नाहीत. त्यातच विसाव्या शतकातल्या नव्या व्याकरणांनी जुन्या संज्ञांची फेरमांडणी केली. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे 1985 चे व्याकरण आणि हडलस्टन-पुलम यांचे 2002 चे व्याकरण हे आजचे दोन मोठे आधारग्रंथ, आणि अनेक संज्ञांवर त्यांचेच एकमत नाही. 'माय', 'युअर' यांना काही पुस्तके विशेषण म्हणतात, काही डिटर्मिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते नेमके करणारा शब्द, म्हणतात. चेक शाळेने मात्र त्यांच्या चेक प्रतिशब्दांना सर्वनाम म्हणून शिकवलेले असते. चेकच्या दहा शब्दजातींत संख्यावाचक शब्दांची एक वेगळी जात आहे, इंग्रजी शालेय यादीत बहुधा ती नसते. गोंधळलेला विद्यार्थी इथे मंदबुद्धी ठरवला जातो, आणि ते मला मान्य नाही. गोंधळ पुस्तकांतला आहे.

हद्दी न जुळण्याची सर्वांत ठळक उदाहरणे तीन. पहिले वाक्याचे. चेक 'व्येता' हा शब्द सबंध साध्या वाक्यालाही चालतो आणि मोठ्या वाक्यातल्या उपवाक्यालाही. अनेक उपवाक्यांच्या वाक्याला 'सोउव्येती' असा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत 'सेंटेन्स' आणि 'क्लॉज' यांची फाळणी वेगळ्या रेषेवर झाली आहे. मराठी विद्यार्थ्याला वाक्य आणि उपवाक्य यांमुळे इथे वाट सापडते, चेक विद्यार्थ्याला नवी रेष आखून घ्यावी लागते. दुसरे कर्माचे. चेकमध्ये कर्माला जो शब्द आहे तोच शाळेतल्या विषयालाही आहे. इंग्रजीत कर्म म्हणजे 'ऑब्जेक्ट', शाळेतला विषय म्हणजे 'सब्जेक्ट', आणि वाक्याचा कर्ताही 'सब्जेक्ट'च. 'माझा आवडता विषय गणित' हे सांगायला निघालेला मुलगा 'ऑब्जेक्ट' म्हणून बसतो.

तिसरे उदाहरण काळाचे, आणि त्याच्यावर थोडे थांबायला हवे. चेकमध्ये काळ तीनच: भूत, वर्तमान, भविष्य. वेळ आणि व्याकरणातला काळ या दोन्हींना शब्द एकच, अगदी मराठीसारखा. इंग्रजीने 'टाइम' आणि 'टेन्स' वेगळे ठेवले आहेत. इंग्रजीतल्या 'प्रेझेंट परफेक्ट'ला चेक पाठ्यपुस्तके 'वर्तमानाच्या आधीचा काळ' अशा अर्थाचे नाव देतात. हे नाव विद्यार्थ्याला कालरेषेवर एक जागा दाखवते, भूत आणि वर्तमान यांच्या मधली. तो ती जागा शोधत बसतो, आणि अशी जागा नसतेच. 'मी इथे दहा वर्षे राहतो' हे वाक्य चेकमध्ये साध्या वर्तमानात येते, मराठीतही वर्तमानातच येते, इंग्रजीत मात्र त्याला परफेक्ट लागतो, कारण मागे सुरू झालेले राहणे आजपर्यंत येऊन पोचले आहे. दुसरीकडे 'किल्ली हरवली' हे चेक माणूस भूतकाळात सांगतो. ती अजून सापडलेली नसेल तर इंग्रजीला पुन्हा परफेक्ट हवा असतो. म्हणजे ज्या रूपाला इंग्रजीत एक नाव आहे त्याची कामे चेकमध्ये दोन वेगळ्या काळांत वाटली गेली आहेत. नुसता प्रतिशब्द इथे पुरत नाही, वाक्ये शेजारी शेजारी मांडावीच लागतात.

त्यात भर पडते ती क्रियापदांच्या जोड्यांची. चेकमध्ये 'लिहिणे' या एका क्रियेला दोन क्रियापदे आहेत: लिहीत असणे एक, लिहून पुरे करणे दुसरे. मराठीतल्या 'लिहिणे' आणि 'लिहून टाकणे' यांच्यात थोडीफार तशी छटा आहे, पण चेकमध्ये हा भेद जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला करावा लागतो. या भेदाला चेक आणि रशियनमध्ये 'विद' म्हणतात, आणि इंग्रजी व्याकरणातली 'अ‍ॅस्पेक्ट' ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात स्लाव भाषांच्या अभ्यासातूनच पश्चिम युरोपात आली. म्हणून चेक विद्यार्थी 'परफेक्ट' ऐकताच तो आपला 'पूर्ण' प्रकार समजतो. दोन्ही नावांत पूर्णत्वाचा अर्थ आहे, व्यवहार वेगळा आहे. चेक भेद क्रिया संपली की नाही ते सांगतो. इंग्रजी परफेक्ट मागच्या क्रियेचा आजशी संबंध सांगतो, मग ती क्रिया चालू का असेना. माझ्या मते चेक भाषकाच्या इंग्रजीतली सर्वांत चिवट अडचण हीच.

या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या शहरात झाला ते शहरही प्रागच, हा योगायोग नव्हे. व्हिलेम माथेसिउस हे प्रागच्या चेक विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ज्या 1911 साली निघाले, त्याच साली माथेसिउस यांनी भाषेतल्या रूपांच्या लवचीकतेवरचा आपला निबंध वाचला. 1926 मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्राग भाषावैज्ञानिक मंडळ सुरू झाले. रोमान याकोब्सन त्याचे सर्वांत गाजलेले सभासद. माथेसिउस यांची पद्धत अशी, की चेक आणि इंग्रजी या दोन भाषा एकाच गरजेसाठी कोणती साधने वापरतात ते पाहायचे. चेक वाक्यात माहीत असलेली गोष्ट आधी आणि नवी गोष्ट शेवटी येते, आणि विभक्ती असल्यामुळे शब्द मोकळेपणाने हलवता येतात. इंग्रजीत शब्दांची जागा कर्ता-कर्म ठरवण्यात गुंतलेली असते, म्हणून तोच परिणाम साधायला इंग्रजी कर्मणी प्रयोगाकडे वळते. दृष्टी गेल्यावरही त्यांनी काम सोडले नाही, आणि 1936 मध्ये सामान्य वाचकांना 'इंग्रजीला घाबरू नका' असे सांगणारे पुस्तक लिहिले. योझेफ वाखेक, ब्रनोचे यान फिरबास आणि चेकच्या पार्श्वभूमीवर इंग्रजीचे व्याकरण मांडणाऱ्या (1988) लिबुशे दुश्कोव्हा यांनी ही परंपरा पुढे नेली.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा आणखी एक माणूस या परंपरेच्या उगमापाशी आहे. योझेफ झुबाती हे प्रागमधले संस्कृतचे प्राध्यापक. चेक भाषेच्या शुद्धतेची आणि घडणीची चर्चा करणाऱ्या, 1917 पासून निघणाऱ्या 'नाशे र्‍झेच' या नियतकालिकाच्या संस्थापकांत आणि संपादकांत ते होते. संस्कृत शिकवणारा पंडित स्वभाषेच्या रोजच्या वापराचीही काळजी वाहतो, हे चित्र महाराष्ट्राला परके नाही.

शिकवण्याच्या पद्धतींत मात्र संज्ञांचे दिवस सारखे फिरत राहिले. यान आमोस कोमेन्स्की या मोराव्हियातल्या शिक्षणतज्ज्ञाने 1631 चे भाषांचे प्रवेशद्वार आणि 1658 चे चित्रमय जग या दोन पुस्तकांत वस्तू आधी, नियम मागून असा क्रम लावला. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरण-भाषांतर पद्धतीने तो उलटवला. आपल्याकडची 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' (हे तर्खडकर म्हणजे वरचे दादोबा नव्हेत) त्याच पद्धतीची, आणि तिने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी दिले. जर्मनीत 1882 मध्ये व्हिल्हेल्म फिएटोर यांनी बोलत्या भाषेचा पुरस्कार केला, थेट पद्धत आली, मातृभाषा वर्गाबाहेर गेली. 1970 च्या दशकापासून संवादपद्धतीने संज्ञा आणखी मागे ढकलल्या. चेकोस्लोव्हाकियात 1948 नंतर शाळांतून रशियन सक्तीची होती. 1989 नंतर ती सक्ती उठली आणि इंग्रजीची मागणी एकदम वाढली. तेव्हा ब्रिटिश प्रकाशनांची संवादपद्धतीची पुस्तके आली. ती साऱ्या जगासाठी एकच लिहिलेली होती. चेक मुलाच्या सात विभक्त्या, त्याची क्रियापदांची जोडी, त्याचे 'व्येता' यांची दखल त्यांत असण्याचे कारणच नव्हते. बोलण्याचा धीर त्या पुस्तकांनी दिला, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण मुलाला आधीच येत असलेले व्याकरण त्यांनी वाया घालवले, हेही म्हणायला हवे.

आज या शब्दांची निकड वाढली आहे. युरोपीय परिषदेच्या 2001 च्या भाषाकौशल्यांच्या सहा पायऱ्यांवर चेक विद्यार्थ्याची परीक्षा होते, आणि त्या परीक्षांच्या तयारीची पुस्तके, शिक्षकांचे शेरे, शब्दकोशांतली संक्षिप्त रूपे इंग्रजी संज्ञांनी भरलेली असतात. चेक राष्ट्रीय कॉर्पसच्या समांतर संग्रहात चेक वाक्य आणि त्याचे इंग्रजी भाषांतर समोरासमोर पाहता येते, पण काय शोधायचे त्याला नाव देता आले तरच. यंत्राला प्रश्न विचारून इंग्रजी शिकणाऱ्यांचेही तसेच. 'हे वाक्य बरोबर आहे का' एवढेच विचारणाऱ्याला दुरुस्त वाक्य मिळते. 'इथे परफेक्ट का' असे विचारणाऱ्याला कारण मिळते. 2022 नंतर चेकियात आलेल्या युक्रेनी लोकांना चेक शिकवताना हीच परिभाषा दुसऱ्या दिशेने उपयोगी पडते आहे.

मराठी भाषकांचा या विषयाशी थेट संबंधही आहे. श्कोडा कंपनीचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याचा कारखाना 2001 पासून चालू आहे. तिथले मराठी अभियंते आणि कंपनीच्या म्लादा बोलेस्लाव इथल्या मुख्यालयातले चेक अभियंते एकमेकांशी बोलतात ते इंग्रजीत, आणि ती दोघांचीही शिकलेली भाषा आहे. समोरच्याचे इंग्रजी कुठे आणि का अडते हे कळले तर पत्रातला आर्टिकलचा घोळ उद्धटपणाचा किंवा अज्ञानाचा वाटत नाही. मराठी माध्यमातून इंग्रजीकडे जाणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी तर चेक उदाहरण फार मोलाचे आहे. आपलीही भाषा तीन लिंगांची, क्रमांकाने विभक्ती मोजणारी, आर्टिकल नसलेली आणि स्वतःची परिभाषा असलेली आहे.

हे पुस्तक काय करू पाहते ते थोडक्यात सांगतो. ते इंग्रजीचे व्याकरण नाही, चेकचेही नाही. प्रत्येक संज्ञेपाशी ते तीन भाषांतली वाक्ये शेजारी ठेवते आणि कुठे जुळते, कुठे सुटते ते दाखवते. संज्ञेला इंग्रजीत दोन नावे चालत असतील तर दोन्ही देते. ब्रिटिश शालेय पुस्तकांतले 'कंटिन्युअस' आणि विद्यापीठीय व्याकरणांतले 'प्रोग्रेसिव्ह' एकच, हे सांगते, आणि एकाचा आग्रह धरत नाही. चेक शब्द सर्वत्र देवनागरीत आहेत. काही चेक व्यंजनांना देवनागरीत नेमके अक्षर नाही, तिथे जवळचे घेतले आहे. वर्णांच्या उच्चारप्रक्रियेचा भाग मुद्दाम वगळला आहे. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. एक मात्र आवर्जून राहू दिले आहे: चेकमध्ये 'र' आणि 'ल' स्वरासारखे अक्षर पेलतात. लांडग्याला चेकमध्ये 'व्ल्क' म्हणतात आणि संस्कृतात 'वृक'. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. ज्या मराठी वाचकाला 'ऋ' हा स्वर का म्हणायचा हे कधी पटले नसेल, त्याने हे पान जरूर वाचावे.

वाचकाने पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायची गरज नाही. शिक्षकांनी काळ आणि वाक्य यांपासून सुरुवात करावी, कारण वर्गात सर्वाधिक वेळ तिथेच जातो. भाषांतरकारांनी भाषानामांचा भाग आधी पाहावा. आणि मराठी शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की नाम, क्रियापद, काळ, वाक्य या आपल्या मुलांना येणाऱ्या संज्ञा इंग्रजीच्या तासाला बंद करून ठेवू नयेत. इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहिताना तिच्याशेजारी मराठी संज्ञाही लिहावी, आणि दोन्हींची उदाहरणे मुलांकडूनच मागून घ्यावीत.